ठकूचा फेरा

हिंगणटेकच्या जानुबाईला आलात तर दोन गोष्टी तुमच्या ध्यानात येतील. पहिली म्हणजे देवळामागच्या पिंपरणीला नवसाचे शेकडो दोरे आहेत, पण एकालाही गाठ नाही. नुसते फांदीला गुंडाळलेले. चार दिवस वारा सुटला की त्यातले निम्मे माळावर उडून जातात आणि बाभळीच्या काट्यांना लोंबत राहतात. दुसरी गोष्ट देवळाच्या आत आहे. तुम्ही चपला बाहेर काढता आणि आत गेल्यावर देवीच्या उजव्या अंगाला, कोनाड्यात, लष्करी बुटांचा जोड ठेवलेला दिसतो. चामडं तडकलेलं, टाचा झिजलेल्या, नाड्यांच्या जागी सुतळी.

पाहुण्यांना या दोन्हींची मोठी गंमत वाटते. बुटांचे फोटो काढतात, हसतात, आणि पिंपरणीपाशी जाऊन, पाटीवर 'गाठ मारू नये' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असूनही, दोऱ्याला करकचून गाठ मारतात. नवस बोलायचा आणि दोरा सैल सोडायचा, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नाही. सांगून सांगून आमची तोंडं दुखली. मग मंगळवारी संध्याकाळी आम्हा गुरवांच्या घरातलं कोणीतरी शिडी लावतं आणि एकेक गाठ सोडवत बसतं. बाहेर असं सांगतात की इथली गाठ देवी आपोआप सोडवते. तसं काही नाही. नखं तुटतात ती आमची.

तेव्हा ज्याला गाठ मारायचीच आहे त्यानं आधी ठकूबाईची हकीगत ऐकावी.

गोष्ट जर्मनच्या लढाईतली. नक्की साल कोणी सांगत नाही. हिंगणटेक तेव्हा साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव होतं आणि त्यातले चाळीसेक गडी पलटणीत होते. समुद्रापलीकडच्या एका मुलखात ते लढत होते म्हणे. तिथं नदी फुटली की कोसच्या कोस चिखल व्हायचा आणि हिवाळ्यात पहाटे त्या चिखलावर बर्फाची साय धरायची. गावात राहिल्या त्या बाया, म्हातारे आणि गुरं.

ठकूबाई माने त्या बायांतलीच एक. नवरा आधीच गेलेला. तोंडानं फटकळ, हातानं धांदरट आणि जीव सगळा एका पोरात अडकलेला. त्याचं नाव दौलत. एकोणिसाव्या वर्षी तो तिला न विचारता भरती होऊन आला. ठकूबाईनं रागानं अबोला धरला. वाटलं, चार दिवसांनी आपणच समजूत काढू. तिसऱ्या दिवशी हुकूम आला आणि दौलत निघून गेला. वेशीपर्यंत ती त्याच्या मागोमाग गेली, पण तोंडातून शब्द काही फुटला नाही. पुढं आयुष्यभर तिला याच गोष्टीचा स्वतःवर राग येत राहिला.

वर्षभरानं तालुक्याच्या मिशनशाळेतल्या रूथबाई साळवे बैलगाडीतून गावात आल्या. गाडीत मातकट लोकरीचे गुंडे होते आणि मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून केलेल्या सुया होत्या. देवळाच्या ओट्यावर बाया जमवून त्यांनी एक मोजा उंच धरला. आमच्या गावात मोजा कोणी पाहिलेलाच नव्हता. बारा महिने अनवाणी चालणारी माणसं. एकीनं विचारलं, ही पिशवी वाकडी का? दुसरी म्हणाली, बैलाच्या शिंगाला असंल. रूथबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिकडं आपल्या पोरांचे पाय थंडीनं झडायला लागलेत, प्रत्येकीनं महिन्याला जमेल तेवढे विणा. मग कोणीच हसलं नाही.

विणणं तसं बायांना जमलं. अडलं ते टाचेपाशी. सरळ नळी विणता विणता मध्येच वळायचं, टाच काढायची आणि पुन्हा सरळ व्हायचं, या वळणावर ठकूबाईच्या नाकी नऊ आले. विणायचं, रूथबाईंनी बघायचं, मान हलवायची, आणि उसवायचं. पहिली जोडी तिनं सात वेळा उसवली. शेजारच्या आनसाबाईचे दोन भाऊ पलटणीत. तिची टाच कशी, कोंबडीच्या अंड्यासारखी गोल यायची. ठकूबाईची प्रत्येक टाच डावीकडे फेंगडी. एकदा तिनं वैतागून सुया ओट्यावरून खाली फेकल्या आणि घरी गेली. थोड्या वेळानं परत आली, धुळीत हात घालून सुया शोधल्या आणि पुन्हा बसली. शेवटी रूथबाईंनीच हात टेकले. म्हणाल्या, राहू दे वाकडी, पायात गेली की सरळ होईल.

पहिली जोडी हातावेगळी झाली तेव्हा ठकूबाई त्यांना म्हणाली, "बाई, ह्येच्यावर दौलतचं नाव घाला की."

"नाव नाही घालता येत, ठकूबाई. खूणही नाही. सगळे एका पोत्यात जातात. पोतं तिकडं फुटतं, तेव्हा ज्याचे पाय ओले असतील त्याला मिळतात."

"माज्या पोराला न्हाईच मिळालं तर?"

"तर दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला मिळतील."

बाई बरोबर सांगत होत्या, आणि ठकूबाईला त्याचाच जास्त राग आला. रात्रंदिवस डोळे फोडून आपण विणायचं ते कुणाच्या पायासाठी, हे कळायची सोय नाही. दौलतचं पत्र येईना. गावात डाकवाला आला की ती आधी रस्त्यावर आणि मग दाराआड जाऊन उभी राहायची. सात महिने गेले. बाकीच्यांना पत्रं येत, कोणीतरी ती वाचून दाखवी, ठकूबाई दुसऱ्यांची पत्रं शेवटपर्यंत ऐके आणि घरी येऊन भांडी आपटे.

अखेर ती गुरवाकडे गेली. तो गुरव आमच्याच घराण्यातला, माझ्या आज्याचा आजा, म्हणून हे लपवून उपयोग नाही. त्यानं हळदीत भिजवलेला दोरा घेतला, मंत्र म्हणत त्याला सात गाठी मारल्या आणि सांगितलं, हा पोराच्या अंगाला लागला की देवी पाठीशी उभी राहील. समुद्रापलीकडच्या पोराच्या अंगाला तो लागायचा कसा, हे काही त्यानं सांगितलं नाही. दक्षिणेचा नारळ मात्र घेतला.

कसा लागायचा, ते ठकूबाईला वाटेतच सुचलं. तिनं तो दोरा मोज्याच्या आत, अंगठा येतो तिथं, लोकरीच्या टाक्यांत ओवून पक्का केला. बाहेरून काही दिसेना. रूथबाईंनी मोजा उलटसुलट पाहिला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण कुठली जोडी दौलतला मिळेल हे कोणाला ठाऊक? म्हणून तिनं गुरवाकडून आणखी दोरे आणले आणि त्या हिवाळ्यात विणलेल्या अकराच्या अकरा जोड्यांत सात-सात गाठी घातल्या. जिनं जन्मात पायात बूट घातला नाही तिला यात काय वावगं वाटणार? वहाणेत खडा आला तर माणूस वहाण झटकतो आणि पुढं चालतो, एवढंच तिला माहीत.

आनसाबाईनं एकदा तिला दोरा ओवताना पाहिलं. आनसाबाईनं पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. पुढच्या पोत्यापासून निम्म्या बाया गुपचूप तेच करू लागल्या. रूथबाईंना कोणी बोललं नाही.

पुढच्या चैत्रात सखोबा घरी आला. दौलतच्याच कंपनीतला. हाताला गोळी लागून डावा हात निकामी झालेला, म्हणून नाव कमी करून पाठवून दिलेला. पायात पलटणीचे बूट, आज कोनाड्यात आहेत तेच. घरी पाणी पिऊन तो आधी ठकूबाईकडे आला, कारण त्याच्यापाशी तिच्यासाठी चांगली बातमी होती. बिचाऱ्याला ती चांगलीच वाटत होती.

"काकू, तुमचं मोजं दौलतलाच घावलं," तो म्हणाला.

ठकूबाई तांब्या घेऊन उभी होती ती तिथंच खाली बसली. "माजंच कशावरनं?"

"टाच वाकडी हुती. आन् आत हळदीचा दोरा. त्येनं वास घितला. म्हनला, सखोबा, आईनं अबोला सोडला बग."

ठकूबाईला हसू आलं आणि रडू आलं. त्या फेंगड्या टाचेवर तिनं वर्षभर जितका राग काढला होता तो सगळा तिनं त्या घटकेला परत घेतला. मग तिनं विचारलं, "मग?"

"मग कूच झालं. चार दीस. खाली चिखुल, वरनं पाऊस. बूट काडायचा न्हाई असा हुकूम. काडला तर सुजल्याला पाय परत आत जात न्हाई."

"मग?"

आता आपण कुठं चाललो आहोत ते सखोबाच्या ध्यानात आलं असावं. पण ठकूबाईनं त्याच्यावरची नजर काढली नाही. "त्येला टोचाया लागलं, काकू. मी म्हनलं, दोरा काड, खिशात ठेव. तर म्हनला, न्हाई, अंगालाच लागाया पायजे. हवालदारानं सगळ्यास्नी इचारलं, कुनाला टोचतंय का कुटं? तर हा न्हाई म्हनला. चौथ्या दिशी चालंना झाला. बूट कापून काडला. पाय काळा पडल्याला."

"मग?"

"होडीत घातला. खालच्या अंगाला दवाखाना हुता. मी हात केला, त्येनं बी केला."

"मग?"

"मग मला म्हाईत न्हाई."

सखोबा उठून गेला तेही ठकूबाईला कळलं नाही म्हणे. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. नवस फळला होता. देवीनं दिलेला शब्द पाळला होता, मोजा नेमका त्याच पायात गेला होता. आणि तो आपल्याच हातानं ओवलेल्या दोऱ्यासकट गेला होता. तिला देवीचा राग आला, गुरवाचा आला, सखोबाचा आला, पण कोणावरच तो टिकेना. फिरून फिरून तो तिच्याच हातांवर येऊन बसत होता.

चार दिवसांनी पोत्याचा दिवस होता. ओट्यावर ढीगभर मोजे पडले होते, रूथबाईंची गाडी जुंपलेली होती आणि दुपारच्या आत पोतं तालुक्याला पोचायला हवं होतं. ठकूबाई आली आणि पोत्यावर बसली. म्हणाली, हे जाणार नाही, आधी सगळे उलटे करा आणि दोरे काढा. मग तिनं सखोबानं सांगितलेलं सगळं सगळ्यांदेखत सांगितलं, काही आडपडदा न ठेवता.

रूथबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईनं मोज्याला हात घातला, तर बाया आडव्या आल्या. देवीचा दोरा आहे, तुम्ही शिवायचा नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढंच होती. बायांनी ठकूबाईची हकीगत ऐकली, पण त्यातली पहिली अर्धीच त्यांच्या मनात शिरली.

आनसाबाई म्हणाली, "म्हंजी पोचला की गं! दोरा हुता म्हनून तुज्याला पोचला. आमच्यास्नी पोचू नगं व्हय?"

"अगं, त्येचा पाय गेला."

"चिखलानं गेला असंल. दोऱ्याच्या गाठीनं कुटं पाय जातो? आपन काट्याकुट्यातनं चालतो, काय हुतं?"

ठकूबाईनं परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. सखोबाला बोलावून त्याच्याकडून सांगवलं. उपयोग नाही. प्रत्येकीला आपला पोर, आपला भाऊ, आपला नवरा डोळ्यांसमोर दिसत होता आणि ती सात गाठींची आशा सोडायला कोणी तयार नव्हती. ठकूबाईला ते कळत होतं. चार दिवसांपूर्वी तिला कोणी हेच सांगितलं असतं तर तिनंही ऐकलं नसतं. म्हणून तर ती इतकी चिडली की बोलणंच थांबवून उठली.

तिनं ढिगातून एक जोडी उचलली. ती आनसाबाईची होती, टाच अगदी गोल. आत हात घालून सात गाठी चाचपल्या आणि दोन्ही मोजे आपल्या पायांत चढवले. मग सखोबाला म्हणाली, "बूट दे तुजं."

बूट मोठे होते. तिनं नाड्या करकचून आवळल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि टेकडीभोवतीच्या वाटेला लागली. तेव्हा ती वाट नव्हती, नुसता माळ होता. एक फेरा पाऊण मैलाचा. बाया ओट्यावर बसून बघत राहिल्या. कोणी म्हणालं, पोराच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं.

पहिले दोन फेरे ती नेहमीसारखीच चालली. आनसाबाई म्हणालीही, बघा, काय झालं? तिच्या तळव्याला काटा लागत नव्हता हे खरं. पण अंगठ्याच्या वरची आणि दोन बोटांच्या मधली कातडी अनवाणी माणसाचीही कोवळीच असते, आणि बूट ती कुठं हलू देत नाही. तिसऱ्या फेऱ्याला तिची चाल बदलली. चौथ्याला ती पाय फेकत चालू लागली. पाचव्या फेऱ्यात आनसाबाई उठली आणि तिच्या बाजूनं चालायला लागली. म्हणाली, पुरे आता. ठकूबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. सूर्य माथ्यावर आला, गाडीची वेळ टळली, रूथबाई गाडीवानाला बैल सोडायला सांगून ओट्याशी उभ्या होत्या. सहावा फेरा फार वेळ चालला.

सातवा पुरा करून ती ओट्यापाशी आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. आनसाबाईनं तिचा दंड धरला. "ठके, टोचतंय का गं?"

"न्हाई," ठकूबाई म्हणाली.

सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या. ठकूबाई ओट्यावर टेकली, उजवा पाय पुढं केला आणि आनसाबाईला म्हणाली, "आता बूट काड."

आनसाबाईनं बूट काढला. मोजा काढायला गेली तर तो निघेना. अंगठ्यापाशी लोकर, दोरा आणि कातडी एक झाली होती. मोजा तिनं स्वतःच विणलेला, अन् तिचेच हात लाल झाले. चार तासांचं चालणं होतं ते, चार दिवसांचं नव्हे. आनसाबाईनं पोतं ओढलं, सगळे मोजे ओट्यावर ओतले, पहिला उलटा केला आणि दातांनी दोरा तोडला. मग बाकीच्या बसल्या. त्या दिवशीचं पोतं दोन दिवस उशिरा गेलं आणि रूथबाईंना वरून बोलणी बसली. त्यांनी ती निमूट ऐकून घेतली.

आमचा पूर्वज हे सगळं देवळाच्या दारातून बघत होता. पायाला चिंध्या गुंडाळून ठकूबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि नवसाच्या गाठींनी भरलेल्या पिंपरणीकडे हात करून म्हणाली, "ह्या गाठी तू मारल्यास. आता तू सोड." त्यानं शिडी आणली. ते काम आमच्या घराकडे आलं ते अजून सुटलेलं नाही.

दौलतचं काय झालं हे कधीच कळलं नाही. मेल्याचा कागद आला नाही आणि जगल्याचाही नाही. ठकूबाईनं किती ठिकाणी विचारणा केली असेल, उत्तर एकच यायचं, की अजून काही समजलेलं नाही. ती विणत राहिली. गावातल्या प्रत्येक मोज्यात हात घालून बघितल्याशिवाय पोतं शिवू देत नसे. लढाई संपली, गडी एकेक करून परत आले. जो येई त्याला ती वेशीवर गाठून विचारायची, टोचलं का रे कुठं? तो नाही म्हणायचा. मग ती त्याला तिथंच दगडावर बसवून बूट काढायला लावायची. पलटणीतून आलेले दांडगे गडी, पण मुकाट्यानं पाय पुढं करायचे. अशी ती पुष्कळ वर्षं वेशीवर बसली. गेली तेव्हा सखोबानं ते बूट आणून देवीच्या कोनाड्यात ठेवले.

लोक आणखीही सांगतात. तिच्या फेऱ्याच्या वाटेकडेला लाल गवत उगवतं म्हणे. उगवतं, पण हिवाळ्यात या सगळ्या माळावरचंच गवत लाल होतं. वाट मात्र खरी आहे. ती कुठं जात नाही, कुठून येत नाही, नुसती टेकडीभोवती फिरते, आणि इतक्या वर्षांत तिच्यावर गवत धरलेलं नाही.

त्याला कारणही तसंच आहे. आजही गणपती उठले की गावातल्या बाया देवळाच्या ओट्यावर जमतात आणि वर सरहद्दीवर बर्फात उभ्या असलेल्या पोरांसाठी मोजे आणि कानटोप्या विणतात. त्यात शाळेतल्या बाई असतात, दवाखान्यातली नर्स असते, नवीन लग्न होऊन आलेल्या मुली असतात. लोकर आता बाजारातली, सुया विकतच्या. धाग्याचं टोक गाठ न मारता टाक्यांतून मागं ओवून जिरवतात. आणि जी पहिल्यांदाच विणते तिनं आपला मोजा आपल्या पायात घालायचा, कोनाड्यातले बूट चढवायचे आणि टेकडीला एक फेरा घालून यायचं. त्याशिवाय तिचा मोजा खोक्यात जात नाही. मुली कुरकुर करतात, बूट जड आहेत म्हणतात, ऊन आहे म्हणतात. कोणी ऐकून घेत नाही.

आजही फेरा घालून आलेल्या मुलीला ओट्यावर बसवतात आणि विचारतात, "टोचलं का कुठं?" सगळ्याच जणी नाही म्हणतात. मग समोरची म्हातारी तिच्या पायाशी बसते, सुतळी सैल करते आणि म्हणते, "बूट काढ."